रात्रीचे फोटो फुटतात? फुल फ्रेमचे हप्ते बांधण्याआधी हे तपासा

"भैय्या, रात्रीचे फोटो लई फुटायलेत. फुल फ्रेम घेऊ का?"

लग्नसराई लागली की लातूर, परभणी, नांदेड सगळीकडून हा प्रश्न येतो. माळेगावची जत्रा, तुळजापूरचं नवरात्र आणि गावोगावचे छबिने असले की जास्तच. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा क्रॉप बॉडी (सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, फुल फ्रेमपेक्षा लहान असलेला कॅमेरा) असते, डब्यातून आलेली १८-५५ ची किट लेन्स असते आणि कुणीतरी ठामपणे दिलेला सल्ला असतो: "क्रॉपमध्ये असंच होणार." मग हप्ते बांधून फुल फ्रेम येते, आणि पुढच्या सीझनला त्याच माणसाचा फोन येतो की फोटो अजून फुटायलेतच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फुल फ्रेमचा फायदा खरा आहे, पण तो साधारण सव्वा ते दीड स्टॉपच्या दरम्यानचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तुमचा फोटो तीन-चार स्टॉपने मार खात असेल तर तेवढ्याने भागत नाही. म्हणून आधी तुमचा फोटो किती स्टॉपने आणि कशामुळे मार खातोय ते बघा.

आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा

मोबाईलवर पाठवलेला फोटो बघून काही कळत नाही. मूळ फाईल कॉम्प्युटरवर उघडा, शंभर टक्के मोठी करा आणि न हलणारी एखादी वस्तू शोधा: मंडपाचा खांब, समईचा दांडा, खुर्चीची पाठ.

खांब कडक शार्प आणि नवरदेवाचा चेहरा पुसल्यासारखा असेल तर माणूस हललाय, म्हणजे शटर हळू पडलं. खांबासकट सगळंच एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर तुमचा हात हलला. चेहरा मऊ, पण मागच्या मावशीच्या साडीचे काठ स्पष्ट, असं असेल तर फोकस चुकलाय. फोटोभर आडवे काळपट पट्टे असतील तर तो दिव्यांचा खेळ. आणि खांब शार्प, चेहरा शार्प, पण सावलीत सगळीकडे लाल-हिरवे ठिपके असतील, तरच तो नॉईज. या सगळ्यांत सेन्सरच्या आकाराशी थेट संबंध फक्त शेवटच्याचा आहे. बाकीचे चार दोष लाख-दीड लाखाच्या बॉडीतही जसेच्या तसे येतात.

मग त्याच फोटोची माहिती उघडा. शटर (किती वेळ उघडं राहिलं), ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफ/ चा आकडा लहान तेवढं ते मोठं), आयएसओ (फोटो किती उजळवला) आणि फोकल लेन्थ (एमएमचा आकडा; मोठा तेवढं जवळचं दिसतं) हे चार आकडे कागदावर लिहा. हे न बघता कॅमेरा बदलायचा म्हणजे रिपोर्ट न वाचता ऑपरेशन.

एक फोटो घेऊन हिशोब करू

असा फोटो डोळ्यांसमोर आणा, कारण ही तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे तो असतोच. छबिना निघालाय, पालखीपुढे गोंधळी संबळ वाजवतोय, एका बाजूला दिवटी, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जनरेटर आणि त्यावर एक पांढरा एलईडी फोकस. पालखीच्या दांडीवरचं पितळ स्पष्ट आलंय. संबळ वाजवणाऱ्याचे हात मात्र धुरकट, काड्या दिसतच नाहीत, आणि कपाळावरच्या मळवटाशेजारी कातडीवर रंगीत ठिपके. आकडे असे: ५५ एमएम, एफ/५.६, १/६०, आयएसओ १२८००.

दोन दोष एकदम आहेत. हातांसाठी १/६० पुरत नाही, निदान १/२५० पाहिजे, म्हणजे प्रकाश चारपट कमी. आयएसओ आधीच नाकापर्यंत आलाय.

आता याच क्रॉप बॉडीवर ५० एमएम एफ/१.८ लावा. एफ/५.६ वरून एफ/१.८ म्हणजे साडेनऊ पटीहून जास्त प्रकाश, स्टॉपमध्ये सव्वातीन. त्यातले दोन स्टॉप शटरला देऊन १/२५० करा. तरी आयएसओ ५५०० च्या आसपास उतरतो. हात थांबले आणि नॉईजही कमी झाला.

दुसरा रस्ता: नवीन फुल फ्रेम आणि सोबतची स्वस्तातली २४-१०५, जिचं लांबच्या टोकाचं ॲपर्चर एफ/७.१ असतं. तेवढीच फ्रेम घ्यायची तर तुम्ही साधारण त्याच टोकाला असता. १/२५० हवं म्हटलं तर आयएसओ ८० हजारांच्या पुढे जातो. मोठ्या सेन्सरची सगळी कमाई धरली तरी तो फोटो क्रॉपवरच्या आयएसओ ३० हजारासारखा दिसेल. एकीकडे साडेपाच हजार, एकीकडे तीस हजार. आणि महाग रस्ता हरलेला.

एफ/१.८ ला एक किंमत आहे, तीही सांगतो. चार मीटरवरून घेतलं तर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम दीड फूट मिळते. गोंधळ्याचा चेहरा आणि संबळ त्यात बसतात, मागचा झांजवाला बसत नाही. माझ्या मते ते चालतं. न चालणाऱ्यांसाठी पुढे ग्रुप फोटोचा भाग आहे.

निकॉनवाल्यांनी लेन्स घेताना एक गोष्ट विचारून घ्या. डी३५००, डी५६०० अशा बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी ५० एमएम एफ/१.८ 'डी' लेन्स त्यांच्यावर ऑटोफोकस करत नाही. लेन्समध्येच मोटर असलेली घ्यायची. क्रॉपवर ५० लांब पडते, घरातल्या हळदीला भिंतीला पाठ टेकून उभं राहावं लागतं. तिथे ३५ एमएम एफ/१.८ जास्त कामाची.

मग फुल फ्रेम देतं काय?

फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप सेन्सर साधारण ३६७ चौरस मिलिमीटरचा आणि कॅननचा ३३२ च्या आसपास. ॲपर्चर आणि शटर तेच ठेवलं तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश २.३ ते २.६ पट जमा होतो. नॉईजचा मोठा हिस्सा प्रकाशातूनच येतो: प्रकाश कणाकणाने पडतो, कण थोडे असले की ते असमान पडतात आणि तीच असमानता ठिपक्यांसारखी दिसते. चौपट प्रकाश मिळाला की ही असमानता प्रमाणात निम्मी होते. सव्वादोन-अडीच पटीने किती फरक पडेल याचा अंदाज यावरून येतो. क्रॉपवरचा आयएसओ ३२०० आणि फुल फ्रेमवरचा साडेसात-आठ हजार हे साधारण सारखे दिसतात, दोन्ही सेन्सर एकाच पिढीचे असतील तर.

ही कमाई घालवायचे दोन सोपे मार्ग आहेत आणि आपल्याकडे दोन्ही सर्रास चालतात.

पहिला, जुनी क्रॉपची लेन्स नव्या फुल फ्रेमवर लावणे. सोनी आणि निकॉनच्या फुल फ्रेम बॉडी, तसंच कॅननच्या नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडी अशी लेन्स ओळखून सेन्सरचा मधला भागच वापरतात. २४ मेगापिक्सेलची फाईल नऊ-दहाची होते आणि प्रकाशही क्रॉपइतकाच उरतो. पैसे फुल फ्रेमचे, फोटो क्रॉपचा. कॅननच्या जुन्या डीएसएलआरमध्ये तर क्रॉपची ईएफ-एस लेन्स ६डी सारख्या फुल फ्रेमवर बसतच नाही. निदान फसवणूक तरी होत नाही.

दुसरा मार्ग ग्रुप फोटोचा. स्टेजवर दोन्हीकडचे पाहुणे दोन-तीन ओळींत उभे आहेत, आत्याबाई खुर्चीवर, लेकरं खाली बसलेली. सगळे फोकसमध्ये पाहिजेत. क्रॉपवर एफ/२.८ ने जेवढी खोली मिळते, तेवढीच मिळवायला फुल फ्रेमवर एफ/४ च्या थोडं पुढे जावं लागतं. मग आयएसओ दुपटीहून वाढवावा लागतो आणि मोठ्या सेन्सरचा फायदा तिथेच फिटतो. सारखी खोली, सारखं शटर, तर नॉईजही जवळपास सारखा. फुल फ्रेमचा फायदा पातळ फोकस चालतो तिथेच हाती लागतो: एकटी नवरी, दोघांचा क्लोजअप, कीर्तनकाराचा चेहरा.

याच गणितामुळे क्रॉपवाल्यांसाठी एक लेन्स आवर्जून सांगण्यासारखी आहे. सिग्माची १८-३५ एफ/१.८, २०१३ साली आलेली. क्रॉपवर ती फुल फ्रेमच्या २७-५३ एफ/२.७ सारखं काम देते. ८१० ग्रॅम वजन मनगटाला कळतं आणि रेंज तोकडी आहे, पण मंडपातल्या निम्म्या कामाला पुरून उरते.

पट्टे पडत असतील तर

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की साध्या ट्यूब आणि बल्बच्या उजेडात पट्टे बहुधा जातात. जनरेटरवर गोष्ट थोडी हलते, कारण लोड बदलला की फ्रिक्वेन्सीही इकडेतिकडे होते. डीजेच्या गाडीवरचे स्वस्त एलईडी 'पार' दिवे आणि स्टेजमागची एलईडी वॉल यांची उघडझाप त्यांच्या स्वतःच्या गतीने चालते. तिथे शटर थोडं थोडं सरकवून पट्टे कधी फिके होतात ते स्क्रीनवर बघत बसावं लागतं.

मिररलेस घेतल्यावर पट्टे वाढले म्हणणाऱ्यांनी आधी सायलेंट शटर बंद करावं. मंगलाष्टकांत आवाज नको म्हणून ते चालू केलेलं असतं आणि नंतर विसरलेलं असतं. ॲंटी-फ्लिकरचा पर्याय मेनूत असेल तर तो चालू करा.

आयएसओची भीती

"सोळाशेच्या वर न्यायचा नाही" हे कुणी कुणाला कधी शिकवलं देव जाणे, पण अजून पाळलं जातं. ऑटो आयएसओला १६०० ची मर्यादा घालतात, फोटो काळा येतो, मग लाईटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन स्टॉप उचलतात. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाईल) असेल तर आयएसओ ६४०० ला घेतला असता तेवढाच नॉईज, कधी थोडा जास्त. जेपेग असेल तर सावल्यांचा चिखल. शटर आणि ॲपर्चर हाताने ठरवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि वरची मर्यादा १२८०० करा. समोरून हॅलोजन डोळ्यांत येत असेल तर कॅमेरा फसून चेहरे काळे करतो. तेव्हा कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) एखादा स्टॉप वाढवायचं.

रॉ मध्ये काढलेल्या फाईलसाठी लाईटरूममध्ये एप्रिल २०२३ पासून एआयवर चालणारं डीनॉईज आहे. बॉडी बदलण्याआधी आपल्या सगळ्यात खराब पाच-दहा फाईल त्यातून काढून बघा. डीनॉईजचा आकडा पन्नासच्या वर नेऊ नका, नाहीतर आजोबांच्या सुरकुत्या जातात आणि घरचे विचारतात हे कोण. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका लग्नाच्या फाईल रात्रभर चालतील, त्याची तयारी ठेवा.

आणि उजेड. मंडपवाल्याशी दोन शब्द गोड बोलून फोकस दोन हात पुढे आणि थोडा खाली सरकवून घेतला तर एक-दीड स्टॉप सहज मिळतो. तेवढाच, जेवढा फुल फ्रेम देतं. चहाच्या कपात काम होतं. फ्लॅश छताला मारून घेणाऱ्यांनी आधी वर बघावं: कापड लाल असेल तर वऱ्हाडाचे चेहरे लाल येतील, आणि मोकळ्या आभाळाखाली फ्लॅश वर मारून काहीच परत येत नाही.

अजिंठ्याचा प्रश्न वेगळा

अजिंठ्याला जाणारे हाच प्रश्न विचारतात, पण उत्तर वेगळं आहे. लेण्यांत फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि उजेड चित्रांच्या काळजीपोटी मंदच ठेवलेला असतो. पण क्रमांक १ च्या लेण्यातला पद्मपाणी हलत नाही. शटर १/१५, १/८ पर्यंत खाली आणता येतं. बॉडीत किंवा लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरायची सोय) असेल, कोपरं छातीशी घट्ट असतील आणि एकामागे एक चार-पाच फ्रेम घेतल्या तर त्यातली एखादी शार्प निघतेच. भिंतीला किंवा खांबाला टेकायचं नाही, हे सांगायला लागू नये. इथे स्टॅबिलायझेशन असलेली क्रॉप बॉडी स्टॅबिलायझेशन नसलेल्या फुल फ्रेमला आरामात मागे टाकते. रॉ मध्येच काढा, कारण त्या उजेडात रंग नंतरच जुळवावे लागतात. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. छत्रपती संभाजीनगरला उतरून मग कळण्यात मजा नाही.

फुल फ्रेम कुणी घ्यावं

तुमच्याकडे एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) किंवा एफ/२.८ ची झूम आहे. ती पूर्ण उघडी असते. शटर माणूस थांबेल इतकंच आहे, त्याहून जास्त नाही. उजेड सरकवून झालाय. तरी रॉ फाईलवर आयएसओ १२८०० च्या पुढे जावं लागतं, आणि ते फोटो १२ × ३६ इंचांच्या करिझ्मा अल्बममध्ये दोन पानांवर पसरून जाणार आहेत. घ्या, बिनधास्त घ्या, तुमचा प्रश्न खरोखर सेन्सरचा आहे. रात्रीच्या वराती आणि रिसेप्शन यांवरच ज्यांचं पोट आहे त्यांच्यासाठी हा सव्वा स्टॉप रोजचा आहे. फोटो व्हॉट्सॲपवरच जात असतील तर तो कुणाला दिसणार नाही.

व्हिडिओवाल्यांनी खरेदीआधी एक गोष्ट तपासावीच. स्वस्तातल्या काही फुल फ्रेम बॉडी फोरके रेकॉर्ड करताना सेन्सरचा मधला भागच वापरतात. कॅननची आरपी साधारण १.६ चा क्रॉप लावते, निकॉनची झेड५ १.७ चा. म्हणजे ज्या कामासाठी मोठा सेन्सर घेतला, त्याच कामात तो छोटा होतो. दुकानात फोरके लावून आणि काढून फ्रेम किती आत येते ते डोळ्यांनी बघा.

जुन्या बाजारात कॅननच्या ५डी मार्क टू आणि ६डी दिसतात, आणि "फुल फ्रेम आहे" एवढ्यावर विकल्या जातात. मार्क टू २००८ ची. सावल्या उचलल्या की तिच्यात पट्टे दिसायला लागतात आणि फोकसचे नऊ पॉइंट, त्यांतला क्रॉस-टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) फक्त मधला. नाचत्या वरातीत तिच्यापेक्षा माणसाचा डोळा ओळखून फोकस पकडणारी नवी क्रॉप मिररलेस जास्त फोटो शार्प देते. २०१२ ची ६डी अंधारात मधल्या पॉइंटवर चांगला फोकस घेते, बाजूच्या पॉइंटवर मात्र विसंबू नये. २०१४ ची निकॉन डी७५० या तिघींत मला सगळ्यात उजवी वाटते.

शक्य असेल तर एका लग्नापुरती बॉडी भाड्याने आणा आणि आदल्या रात्री घरीच ताडून बघा. खोलीत एकच झिरोचा बल्ब ठेवा. खुर्चीवर पैठणी किंवा हिमरू शाल आणि शेजारी काळं कापड. दोन्ही कॅमेऱ्यांत फ्रेम सारखी, शटर सारखं, आणि लेन्स तीच जी तुम्ही खरंच वापरणार आहात. दोन्ही फोटो एकाच मापाला आणून जरीची वीण आणि काळ्या कापडाची सावली बघा. शंभर टक्क्याला तुलना करू नका, मेगापिक्सेल वेगळे असले की ती फसवते.

जुनी बॉडी हातात आली की लेन्सला झाकण लावून आयएसओ ६४०० आणि एक सेकंदाला एक फ्रेम काढा. काळ्यात चमकणारे लाल-निळे टिंब मोजा. दोन-चार असणारच, आकाशातल्या चांदण्या दिसायला लागल्या तर सौदा सोडा. मग एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या, सेन्सरवरची धूळ त्यात दिसते. ज्या बॉडीने जत्रेतल्या भंडाऱ्यात आणि गुलालात लेन्सा बदलल्यात, तिची लेन्स काढून माऊंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) कडेला बोट फिरवलं तरी कळतं.